फाळका

हेडलीमामानं पिकअप उलटी घेत
मागची चाकं रस्त्याकडेच्या चरात उतरवली,
म्हणजे फाळका जमिनीजवळ येतो
आणि चढ निम्मा होतो.
दुसऱ्याला वर घ्यायचं तर आपण आधी वाकावं,
असलं काही तो बोलला नाही.
तो म्हणाला, "डोरिन, चिखल आहे. बूट घाल."

ऑक्टोबर. न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
सात वाजून गेल्यावर उजाडतं, तेही नाइलाजानं.
खाडीचं पाणी शिशासारखं,
स्प्रूसच्या काट्यांवर रात्रीचं दव गोठलेलं.
आत, दलदलीपलीकडे, सेल्बीनं मूस पाडलाय,
घोड्याहून थोराड.
खांद्यावरून तो वाहून आणायला माणसं राहिली नाहीत,
पोरं सगळी अल्बर्टात, तेलाच्या कामावर.
म्हणून क्वाड न्यायची.

गेल्या वर्षी याच अंगणात
साखळी न अडकवता लावलेली एक फळी निसटली.
पुढची चाकं फाळक्यावर, मागची हवेत,
आणि मग मामा खाली, क्वाड वर.
गळ्याचं हाड, दोन बरगड्या,
आणि आणखी काहीतरी
जे एक्स-रेत आलं नाही.
मार्चपासून तो बरा आहे.
विचारलं तर सांगतोच, बरा आहे.
पण क्वाडची किल्ली आज त्यानं माझ्याकडे दिली,
जेवताना मीठ पुढे सरकवावं
इतक्या सहज.

दोन अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्या.
चाकाला चाक, वितीनं अंतर मापायचं.
साखळी बंपरखालच्या कडीत.
ओढून बघायची. पुन्हा ओढून बघायची.
तिसऱ्यांदा त्यानं ओढली
तेव्हा मी खाडीकडे बघत होते.

"लो गिअर. चारी चाकं.
अंग पुढे टाक. मध्ये थांबलीस तर मेलीस.
घाई केलीस तरी मेलीस."
मग मधली जागा उरते किती?
सात फूट, आणि साधारण दोन श्वास.

अंगठ्यानं जरासा थ्रॉटल दाबला.
फळ्या जुन्या खाटेसारख्या करकरल्या.
हँडलच्या पुढे आता नुसतं आकाश,
रस्ता नाही, ट्रक नाही, मामाही नाही,
त्याचा आवाज मात्र डाव्या कानाशी,
"ये, ये, ये, ये,"
बोट धक्क्याला घेताना म्हणतात तसा.
मग धप्.
मागची चाकं आत आली तेव्हा
अख्खी पिकअप खाली बसली
आणि हळूच उठली.

फळ्या काढून गवतावर टाकल्या.
चार कोपऱ्यांना चार पट्टे, रॅचेटची टर्रटर्र,
स्प्रिंगा दबेपर्यंत आवळायचे.
तिसरा आवळत होते तेव्हा
टायरवर पाय देऊन मामा वर चढला
आणि क्वाडवर जाऊन बसला.
उतरेना.
इंजिन बंद, हात हँडलवर,
मान वळवून बघत राहिला मागे, खाली,
फाळक्याच्या कडेपलीकडच्या त्या गवताकडे.
चौथा पट्टा मी त्याच्या बुटाखालून घेतला.
पट्ट्याला पीळ पडला होता, तो सरळ केला.
बोलले काही नाही.

"एवढंच होतं होय," तो म्हणाला.
जरा वेळानं, "मला वाटलं, जास्त असेल."

फाळका आपटून लावला.
चहाचा थर्मास, कुऱ्हाड,
मांसासाठी पांढऱ्या कापडी पिशव्या.
निघालो.

बारा मैलांवर, खडीच्या रस्त्याला वळताना
तो एकाएकी हसायला लागला,
एका हातानं बरगड्या धरून,
आणि दुसऱ्यानं आरसा दाखवला.
आरशात क्वाड होती, चारी पट्टे होते,
फळ्या नव्हत्या.

"आता उतरवायची कशी?"
"दरड शोधू," मामा म्हणाला, "आपल्या मापाची."
आणि काच खाली करून,
थंडी आत येऊ देत,
रस्त्याकडेचे उंचवटे निरखत बसला,
हा नको, हा फार उंच,
हा बघ, हा जरा बरा होता,
गेला.